अकरावी ओळ

प्रभंजन रजेवर घरी आला त्या सकाळी गोदाक्कानं दारातच त्याची दृष्ट काढली आणि मग त्याच्या हातात मामीची वही दिली. चहा नंतर आला.

"वाच," ती म्हणाली. "लढाईत शत्रूचं वाचतोस, घरातलं वाचायला काय झालं?"

"आई, मी तिथं काय करतो ते कुणाला सांगायचं नसतं."

"मी कुणाला सांगितलंय? दुर्गदबैलाच्या बाजारात चार दुकानांत सांगितलं, बास. पाचव्यानं आपणहून विचारलं."

प्रभंजननं बूट काढायला वाकून पुन्हा वर बघितलं आणि त्याचं कपाळ ओसरीवरच्या कंदिलाला धडकलं. कंदील हलला आणि नेहमीसारखा डाव्या अंगाला कलंडून थांबला.

"मामा, हे कंदील अजून खपले नाहीत?"

"दोन खपले," अप्पाजी म्हणाले. "एक परत आला."

लढाई सुरू झाली त्या वर्षी अप्पाजी मिरजकरांनी आपल्या लोखंडी सामानाच्या दुकानात तीन डझन कंदील घेऊन ठेवले होते. पुढं मिळणार नाहीत, असा हिशेब. कंदील मिळत राहिले, रॉकेल मिळेनासं झालं. त्यात हा सगळा माल एका अंगाला कललेला निघाला. त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीनं, त्यातला एक ओसरीवर टांगला होता. रोज संध्याकाळी अप्पाजी दुकानातून आले की ती बोटानं तो सरळ करायची आणि तो पुन्हा कलायचा. दोघं त्यावर काही बोलत नसत. आता तो कललेलाच राहायचा.

चहा झाल्यावर प्रभंजननं वही उघडली. आत एकही अक्षर नव्हतं. अकरा ओळी आणि त्यांत नुसते आकडे, एक, दोन, तीन, फार तर सहा. प्रत्येक आकड्याच्या पुढं एक छोटं चित्र. चित्रं चारच, पण ती कशाची यावर घरात वर्षभर एकमत झालेलं नव्हतं. रुक्मिणीला मोजणं जेवढं यायचं तेवढं चित्र काढणं येत नसे.

"हा मासा," गोदाक्का म्हणाली. "ही मिरची. हा तांब्या. आणि ही पुरी."

"आपल्या घरात मासा कुठला, आत्या?" अप्पाजींची लेक हेमावती आतून म्हणाली. ती सातव्या महिन्यात होती आणि पाटावरून उठायला तिला दोन माणसं लागत, त्यामुळं ती बसल्या जागेवरून सगळ्यात भाग घ्यायची.

"म्हणूनच तर लपवून लिहिलंय."

अप्पाजी वहीकडं बघत होते. त्यांना या वहीबद्दल एकच गोष्ट माहीत होती. विषमज्वराच्या अठराव्या दिवशी त्यांनी रुक्मिणीला विचारलं होतं, काही सांगायचंय का. ती म्हणाली, "वहीत आहे. सगळं मोजून ठेवलंय." मग ती कुशीवर वळली. त्यानंतर दोन दिवस ती होती, पण बोलण्यासारखी नव्हती. त्याला आता चौदा महिने झाले. वर्षश्राद्ध झालं, लोक यायचे थांबले, आणि अप्पाजी रोज दुकानातून आल्यावर ती वही घेऊन बसत. तीस वर्षं एका घरात राहून ही बाई आपल्याला काय सांगून गेली, ते त्यांना कळत नव्हतं. विचारायची सोय असलेली एकच व्यक्ती होती, आणि तिलाच विचारता येत नव्हतं.

"मामा, वाचू ना?" प्रभंजननं विचारलं. "तुमच्यासाठी लिहिलेलं असेल तर..."

"वाच," अप्पाजी म्हणाले. "मला येत नाही म्हणून तर तू."

*

दहाच्या गाडीनं रुक्मिणीची धाकटी बहीण चंद्रभागा अळणावरहून आली. दुसऱ्या दिवशी हेमाचं डोहाळजेवण होतं आणि आईच्या जागी ओटी भरायला मावशीच हवी होती. अप्पाजींची बहीण गोदाक्का विधवा, तिनं सगळा स्वयंपाक करायचा, सगळ्यांना कामं लावायची आणि ओटीच्या वेळी मात्र दाराआड उभं राहायचं. त्यामुळं चंद्रभागा उंबऱ्यात आली की गोदाक्काचा आवाज थोडा चढायचा.

"आलीस? गाडीला उशीर झाला वाटतं."

"गाडी वेळेवर होती, अक्का. तुमच्या घरापर्यंत टांगा उशिरा पोचतो."

वादाचा विषय तयारच होता. रुक्मिणीनं लेकीच्या डोहाळजेवणासाठी काळी चंद्रकळा भरायला घेतली होती. लेकीचं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हापासून. काळ्या इरकली लुगड्यावर धागे मोजून भरलेला कशिदा, पदरावर गोपुरं, हत्ती, पालखी, मोर. भरता भरता ती आजारी पडली. पदराच्या बरोबर मधे चार बोटं जागा कोरी होती.

"अर्धवट लुगडं पोटुशीनं नेसायचं नाही," गोदाक्का म्हणाली. "मी दुसरं आणलंय."

"माझ्या बहिणीनं चार वर्षं डोळे फोडले आणि नेसायचं तुमचं दुसरं? मधे मी एक तुळशीवृंदावन भरते. उद्यापर्यंत होतं."

"मला आईनं ठरवलेलंच हवं," हेमा म्हणाली.

"तिनं काय ठरवलं होतं ते मला सांगितलं नाही गं. 'मधलं माझं मी बघते,' म्हणाली. एवढंच."

तिघींनी अप्पाजींकडं बघितलं. अप्पाजींनी दुकानात जायची पिशवी उचलली, मग आज दुकान बंद आहे हे आठवून खाली ठेवली.

इकडं प्रभंजन ओसरीवर कागद पसरून बसला होता. धारवाडच्या कॉलेजात गणितात पहिला आलेला मुलगा, त्याला लष्करानं उचलून कुठल्याशा कचेरीत बसवलं होतं. गोदाक्का दारात उभी राहून त्याच्याकडं बघत होती, देवाची पूजा चालली असावी तशी.

"कसं करतोस रे हे?"

"मोजून. माणूस अक्षर लपवतो, सवय लपवत नाही. आपण बोलताना काही अक्षरं सारखी वापरतो, काही कधीतरी. गुप्त लिहिताना एका अक्षराच्या जागी दुसरी खूण ठेवली, तरी जे सारखं येणार ते सारखंच येतं. शत्रूच्या मजकुरात कुठली खूण किती वेळा आली ते मोजायचं, साध्या मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या."

"आणि साधा मजकूर कुठला घेतलास?"

"तुझीच पत्रं आहेत माझ्या पेटीत. घरची भाषा हवी होती."

गोदाक्काला भरून आलं. आपल्या पत्रांचा सरकारी कामात उपयोग होतो, हे तिला नवं होतं.

बाराच्या सुमारास प्रभंजननं मान वर केली. "पहिल्या ओळीतले दोन शब्द लागतायत. अजून खात्री नाही हं."

सगळे गोळा झाले. हेमाला दोघींनी धरून आणलं. अप्पाजी सर्वांत मागं खांबाला टेकून उभे राहिले.

"पहिला शब्द 'नणंद' असा वाटतो," प्रभंजन म्हणाला. "दुसरा 'तूप'."

गोदाक्का खाली बसली.

"तूप मी लपवलं नव्हतं," ती म्हणाली. "वर ठेवलं होतं."

"वर म्हणजे कुठं?" चंद्रभागानं विचारलं.

"माळ्यावर."

"माळ्यावर कुठं?"

"हंड्यात." गोदाक्कानं पदर तोंडाला लावला. "हेमा पोटात होती तेव्हाची गोष्ट. घरात तूप कढलं की रुक्मिणी ते सगळं पोळीवर घ्यायची. मी म्हटलं सणाला राहू दे. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. लिहून ठेवलं बघ. पंचवीस वर्षं मनात ठेवून शेवटी लिहून ठेवलं."

"पुढं वाच, बाळा," चंद्रभागा म्हणाली. आल्यापासून ती या वाचनाच्या विरुद्ध होती. मेलेल्या माणसाची वही उघडू नये म्हणत होती. आता ती पुढं सरकून बसली. "अकरा ओळी आहेत. अजून बरंच असेल."

"काही वाचायचं नाही," गोदाक्का म्हणाली. सकाळी तिनंच वही आणून दिली होती. आता तिनं ती प्रभंजनच्या मांडीवरून उचलली, आत गेली आणि देवघरात देवांच्या खाली ठेवून आली. "देवाला वाहिली. आता हात लावायचा नाही."

"आत्या, ते अण्णांसाठी आहे," हेमा वडिलांकडं बघत म्हणाली.

"अण्णांसाठी असेल तर अण्णांनी तुपाचं काय करायचंय?"

अप्पाजींना वाईट वाटलं, पण वेगळ्याच कारणानं. रुक्मिणीचं शेवटचं बोलणं तूप असेल, हे त्यांना पटत नव्हतं, आणि असलं तर त्यात आपण कुठंच नाही, हे त्यांना लागलं होतं. ते प्रभंजनजवळ जाऊन बसले.

"खरंच तूप आहे?"

प्रभंजन आईच्या पत्रांचा गठ्ठा चाळत होता. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"मामा, एक चूक झाली. आईच्या प्रत्येक पत्रात तुपाचा डबा आहे. मिळाला का, संपला का, पाठवू का. आणि नणंद, म्हणजे तिची नणंद, तिच्या तक्रारी. मी जी भाषा मोजली तीच बाहेर आली. मामीचं यात काही नाही."

"म्हणजे गोदाक्कानं उगाच कबूल केलं?"

"हळू बोला, मामा."

पण चंद्रभागानं ऐकलं होतं. ती तोंडावर हात ठेवून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही.

*

जेवणं झाल्यावर गोदाक्का वामकुक्षीला गेली तेव्हा अप्पाजींनी आयुष्यात पहिल्यांदा देवघरातून काही चोरलं. प्रभंजननं नवा कागद घेतला.

"हे अक्षरांचं नाहीच," तो थोड्या वेळानं म्हणाला. "इकडं बघा. पहिल्या ओळीत माशापुढचे आकडे मिळवले तर चौदा. पुरीपुढचे, तेही चौदा. मिरची नऊ, तांब्या नऊ. दुसरी ओळ, सहा आणि सहा, अकरा आणि अकरा. दहाच्या दहा ओळी अशाच. कुठल्याही भाषेत असं होत नाही. बोलणं असं तोलून येत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चार खुणा नाहीत, दोन जोड्या आहेत. मासा जे करतो ते पुरी पुसून टाकते. मिरची करते ते तांब्या पुसतो. शेवटी बाकी शून्य. फक्त अकराव्या ओळीत माशाचे तीन जास्त आहेत. तिथं मामीची मोजण्यात चूक झालीय."

"ती मोजण्यात चुकायची नाही," अप्पाजी म्हणाले.

"ताप होता, मामा."

"तापातसुद्धा औषधाचे घोट मोजायची. वैद्य चुकला होता, ती नाही."

प्रभंजननं वही त्यांच्याकडं सरकवली. अप्पाजी चित्रांकडं बघत राहिले. एक करणार, दुसरं पुसणार. घरात एकमेकांच्या उलट काय असतं? आणि त्यांना रुक्मिणीचा आवाज आठवला, अगदी साधा, रोजचा. तिला डावं-उजवं कधी जमलं नाही. पूर्व-पश्चिम तिनं कधी म्हटलं नाही. अंथरूण थोडं विहिरीकडं ओढा. खुर्ची तुळशीकडं सरकवा. चुलीकडं पाठ करून बसू नका.

"हा मासा नाही," अप्पाजी म्हणाले. "तुळशीचं पान आहे."

"आणि पुरी?"

"विहीर. वरून बघितली तर गोलच की. मिरची नाही ती, चुलीतला जाळ. आणि तांब्या म्हणजे देवघरातली घंटा. उलटी धरून बघ." ते बोटानं घरातल्या दिशा दाखवू लागले. "पुढं तुळस, मागं विहीर. इकडं चूल, तिकडं देव. ती असंच बोलायची."

प्रभंजन उभा राहिला. "म्हणजे ही पावलं आहेत. दोन तुळशीकडं, एक चुलीकडं..."

"कुणाची पावलं?" गोदाक्का दारात उभी होती. वही बघून ती रागावणार होती, पण 'पावलं' हा शब्द ऐकून तिचा चेहरा बदलला. "पुरलंय तिनं काहीतरी. तिच्या आईच्या पाटल्या. मी म्हणत होते त्या गेल्या कुठं."

"तूप असेल, अक्का," चंद्रभागा म्हणाली.

"सुम्नी कूड, गप्प बस," गोदाक्का म्हणाली. राग आला की तिच्या तोंडी कानडी यायची. "प्रभंजन, चाल. मी मोजते."

माजघराच्या मध्यापासून सुरुवात झाली. अप्पाजी वही धरून वाचू लागले, प्रभंजन चालू लागला, गोदाक्का त्याच्या मागं पाऊल टाकत मोठ्यानं मोजू लागली, आणि जागा दिसावी म्हणून तिनं हातात खडू घेतला. दोन तुळशीकडं. एक चुलीकडं. दोन तुळशीकडं. असं करत करत प्रभंजन ओसरीच्या खांबापाशी पोचला. मग उलटं सुरू, दोन विहिरीकडं, एक देवाकडं. शेवटी पुन्हा दोन विहिरीकडं. तो परत आला आणि मागून येणाऱ्या आईवर आपटला.

"कुठं आलो?"

"निघालो तिथं," हेमा पाटावरून म्हणाली.

"पुन्हा कर. पावलं लहान टाक, रुक्मिणीची पावलं लहान होती."

दुसऱ्या ओळीत प्रभंजन स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्याला वळसा घालून आला. तिसऱ्या ओळीत गोदाक्का म्हणाली की बघत काय राहिलास, कोपऱ्यातली पेटी हलव, आणि पेटी हलवली. चौथ्या ओळीत शेजारची बाई ताक मागायला आली आणि हातात वाटी घेऊन उभीच राहिली. दर ओळीला माणसं फिरून निघाल्या जागी येत होती. फरशीवर खडूच्या रेघांची जाळी झाली होती. हेमा हसून हसून पोट धरून बसली, मग गोदाक्का तिला ओरडली की पोट धरायचं नाही, मग ती जास्तच हसली.

चंद्रभागा मात्र हसायची थांबली होती. ती जमिनीकडं बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "प्रभंजन, तू गेलास त्याच वाटेनं परत आलास ना?"

"हो. दर वेळी."

"गाठ न मारता निघायचं, एक सोडून एक टाका घालत जायचं, आणि तसंच परत येत मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. निघालं तिथं पोचायचं. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते." तिनं खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही पावलं नाहीत. हे टाके आहेत. कशिद्यातली गवंती. आम्हां बहिणींना आईनं शिकवलेली. पण आम्ही कधी लिहून ठेवलं नाही, डोक्यातच मोजायचो. हिनं लिहिलं कशाला?"

कशाला ते सगळ्यांना एकदमच कळलं. आपल्या हातून पुरं होणार नाही हे जिला माहीत असतं, ती लिहून ठेवते.

गोदाक्कानं खडू खाली ठेवला. ती आत गेली आणि ट्रंक उघडून चंद्रकळा घेऊन आली. तिनं ती चंद्रभागाच्या मांडीवर ठेवली आणि सुई ओवून दिली.

"सांग रे," चंद्रभागा म्हणाली. "मी धागे मोजते."

प्रभंजन वाचू लागला. लष्करात तो असाच मजकूर वाचून दाखवत असावा, एकसुरी, न थांबता. तुळशीकडं दोन. चुलीकडं एक. चंद्रभागानं पदर घरासारखा फिरवून घेतला, तुळशीची बाजू वर, विहिरीची खाली. लाल धागा काळ्या कापडातून जायचा, परत यायचा. दुसरी ओळ संपेपर्यंत नुसती चौकट दिसत होती. गोदाक्का म्हणाली वृंदावन आहे. हेमा म्हणाली पाळणा. पाचव्या ओळीला आत एक ज्योत उठली आणि बाजूला दोन तारा आल्या. चंद्रभागानं हात थांबवला.

"हे आमच्यातलं नाही," ती म्हणाली. "असं कुणी भरत नाही. हा कंदील आहे."

अप्पाजी उठून ओसरीवर गेले. तिथला कंदील कललेला होता. त्यांनी बोटानं तो सरळ केला, तो पुन्हा कलला. मग ते आत आले.

उन्हं परसात उतरली तेव्हा दहा ओळी झाल्या होत्या. अकरावी ओळ वरच्या कडीची होती. चंद्रभागानं कडी जाताना भरली आणि परत येताना अर्ध्यात थांबली.

"पुढं?"

"पुढं नाही," प्रभंजन म्हणाला. "हीच ती चुकलेली ओळ. विहिरीकडचे तीन कमी."

"चूक नाही," अप्पाजी म्हणाले. "राहिलंय."

"हो मामा," प्रभंजन म्हणाला. "राहिलंय. माझंच चुकलं."

"परतीचे तीन टाके आहेत," चंद्रभागा म्हणाली. "वाट दिसतेच आहे, मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या. मिनिटाचं काम." मग तिनं अप्पाजींकडं बघितलं आणि सुई पुढं केली. "दाजी, तुम्ही घाला."

"मी? मला खिळा नीट धरता येत नाही."

"तिला काही लिहून ठेवायला येत होतं, ते तिनं लिहिलं. तुम्हाला काही बोलायला येत नाही, ते आम्हाला माहीत आहे. तीन टाके घाला."

अप्पाजी बसले. सुई त्यांच्या बोटांत दिसेनाशी झाली. गोदाक्का म्हणाली चष्मा घ्या. हेमा म्हणाली अण्णा, घाई नको. पहिला टाका त्यांनी दोन धागे बाजूला घातला. दुसऱ्याला सुई बोटात गेली. तिसऱ्याला धागा जास्त ओढला गेला आणि कापड जरा गोळा झालं. चंद्रभागा उसवायला पुढं झाली, पण हेमानं तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमा ती चंद्रकळा नेसून फुलांच्या झोपाळ्यावर बसली. चंद्रभागानं ओटी भरली. गोदाक्का दाराआड उभी होती, तिच्या हातात तुपाचं भांडं होतं आणि ती आज कुणालाही नको म्हणू देत नव्हती. अप्पाजी बायकांच्या गर्दीत शिरू शकत नव्हते, म्हणून ओसरीच्या खिडकीतून बघत होते.

काल ताक मागायला आलेली शेजारची बाई पदर हातात घेऊन निरखत होती.

"सगळं सुरेख झालंय की गं," ती म्हणाली. "पण मधला कंदील एका अंगाला कलल्यासारखा वाटतोय."

"हो," हेमा म्हणाली. "आमच्या दुकानातलाच आहे."